सदर टाकी कोणती

कुंभकोणम्
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. जयश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठविलेले पेटंट कचेरीचे जाबसाल पोचले. इंग्रजी मजला येते, पण हे इंग्रजी नव्हे. परीक्षक म्हणतो, पहिल्या दाव्यात तीन वाक्ये आहेत, ती एकच पाहिजे. मी तुजला पाच पाने लिहून दिली, तू त्याची तीन वाक्ये केलीस, आणि या गृहस्थाला तीही जड होतात. एका श्वासात एवढे बोलणारा मनुष्य तुझा बाप सोडून मी दुसरा पाहिला नाही.

पुढे म्हणतो, ‘पुरेसा वेळ’ म्हणजे किती ते स्पष्ट नाही. ‘मंद गतीने’ म्हणजे कशी ते स्पष्ट नाही. चौथा दावा सहाव्यावर टेकला आहे, तो आपल्या आधीच्यावर टेकावा. आणि सगळ्यांत वर, ‘सदर टाकी’ म्हणजे कोणती टाकी? अगे, माझ्या पट्टरैत मुलाम्याची टाकी एकच आहे. पट्टरै म्हणजे कारखाना, हे तरी तू विसरली नसशील. हा कोणत्या टाक्या मोजितो?

मी चिडलो आहे, ते लपवीत नाही. दिव्याच्या खांबाला जिथे खोल नक्षी असते तिथे बुडबुडे अडकतात आणि निकेल नीट बसत नाही, हे या गावातला प्रत्येक मुलामावाला जाणतो. त्यावर उपाय मी काढिला. मागे दिवे टांगायची माझी आकडी कोइमतूरच्या कंपनीने उचलिली आणि आज ती त्यांच्या नावाने विकली जाते. मीच एकदा दुकानातून ती विकत घेऊन आलो. म्हणून या खेपेस पडदा लावून काम करितो. तुझी काकू पंकजा दिवे बांधिते, मी यंत्र चालवितो, तिसरा कोणी आत येत नाही. हे माझे आहे असे सरकारच्या कागदावर येऊ दे, मग पडदा काढीन. तोवर पावणेदेखील बाहेरच बसतात आणि पंकजा मला नावे ठेविते.

फोन करू नको. फोनवर मला अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अर्धे समजत नाही. लिहून विचार.

तुझ्या बापास व जावईबापूंस आशीर्वाद. राग कागदावर आहे, माया आहे तिथेच आहे.

तुझा
चंद्रमौलीकाका


पुणे
१८ ऑगस्ट २०२५

ती. चंद्रमौलीकाकांस जयश्रीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. बाबांना त्यांच्या श्वासाबद्दल वाचून दाखवलं तर ते फुगून बसले. संध्याकाळी मात्र त्यांनी तुमची पाठराखण करत मला अर्धा तास झापलं, आणि खरंच, मध्ये श्वास घेतला नाही.

काका, परीक्षकावर रागावून उपयोग नाही. पेटंटचा दावा म्हणजे जमिनीची हद्द. ‘आंब्यापासून पुरेसं लांब’ असं सातबाऱ्यावर लिहिलं तर शेजारी उद्या तुमच्या अंगणात भिंत घालेल. दावा एकाच वाक्यात लिहायचा ही रीतच आहे, ती काही मी काढलेली नाही. तेवढं मी दुरुस्त करते. वेळ आणि गती यांचे आकडे मात्र तुम्हालाच द्यावे लागतील. ‘हाताला कळतं’ असं लिहून पाठवू नका, मागच्या खेपेला तेच लिहिलं होतंत.

खरी अडचण टाकीची आहे. तुमच्या पाच पानांत कुठे ‘तोट्टी’ लिहिलंय, कुठे ‘तोट्टील’. तुम्ही एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिता, असं मी धरलं. पण एक तोट्टी दुसऱ्या तोट्टीच्या आत असते असं वाक्य आलं, तेव्हा वाटलं टाक्या दोन असणार, एकीत दुसरी. म्हणून अर्जात ‘पहिली टाकी’ आणि ‘दुसरी टाकी’ केली. पुढे नुसतं ‘सदर टाकी’ म्हटलं, तिथे परीक्षकाने पकडलं. त्याचं चुकलं नाही. आता मला एवढंच सांगा, हलते ती आतली टाकी की बाहेरची?

जबाबाची मुदत अजून आहे, पण नंदिता मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेलं खपवून घेत नाहीत. लवकर लिहा.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण पत्र धाडायचं थांबवू नका.

तुमची
जयश्री


कुंभकोणम्
२८ ऑगस्ट २०२५

चि. जयश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल चवथ. तिरुवलंचुळीस जाऊन पांढऱ्या विनायकाचे दर्शन घेतले. गर्दी मरणाची होती. घरी आलो तो तुझे पत्र दारात.

अगे, तोट्टी म्हणजे टाकी. तोट्टील म्हणजे पाळणा. शेवटी ल आहे तो माझ्या हाताचा दोष नव्हे. दोन्ही शब्द तमिळ आहेत, आमच्या घरात ते तीनशे वर्षांत मराठी जाहले, आणि तुम्ही पुण्यास जाऊन तीस वर्षांत विसरलात. तुला दोन महिन्यांची घेऊन तुझी आई इथे आली होती, तेव्हा याच घरात तुजला तोट्टीलात निजविले. तू त्यात कधी झोपली नाहीस हे खरे, पण तोट्टील होते.

टाकी हलत नाही. टाकी हलली तर द्रावण भुईवर जाईल आणि मी त्याच्या मागून. टाकीत पाळणा टांगला आहे. तांब्याच्या कांबींचा, चहूकडून उघडा. दिवे त्यात आडवे बांधायचे. तो एका अंगास झुकतो, थांबतो, मग दुसऱ्या अंगास. थांबतो तेव्हा बुडबुडे नक्षीतून निसटतात. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. नुसते हलविणारे पुष्कळ आहेत.

पत्र वाचून अर्जातले चित्र पुन्हा बाहेर काढून पाहिले. सही केली तेव्हा ती चौकोनी पेटी पाहून मी समजलो, ही टाकी, बरोबर आहे. आज पाहतो तो पेटीच्या आत आणखी एक पेटी, चारी बाजूंनी बंद. तीच तुझी ‘दुसरी टाकी’. तुझ्या चित्रकाराने तुझे शब्द वाचून भिंती काढिल्या. बंद पेटीत दिवा ठेविला तर त्याला निकेलचा वास तरी लागेल काय? हे यंत्र माझे नव्हे. हे यंत्र कोणाचेच नव्हे, कारण हे चालतच नाही.

टाकी हा शब्द खोडून पाळणा लिही आणि चित्र नवे काढ. एवढे करून मोकळी हो. मी या वयात फार वाट पाहू शकत नाही.

पंकजा म्हणते, मुलीस फार लिहू नको. तिचा आशीर्वाद माझ्या आधी वाच.

तुझा
चंद्रमौलीकाका


पुणे
३ सप्टेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं.

काका, खोडून लिहिता येत नाही. अर्ज भरला तेव्हा कागदावर जे होतं, त्याच्या बाहेरचं काही नंतर आत घेता येत नाही. ‘पहिली टाकी’चं ‘बाहेरची टाकी’ करता येईल. ‘पुरेसा’ काढून टाकता येईल. तीन वाक्यांचं एक होईल. पण आमच्या अर्जात पाळणा कुठेच नाही. शब्दात नाही, चित्रात नाही. काल रात्रभर एकेक ओळ चाळली, एखादी फट, एखादी कांब तरी सापडेल म्हणून. सगळीकडे भिंतीच आहेत. आज मी पाळणा घातला, तर परीक्षक म्हणेल ही नवी वस्तू, आणि त्याचं बरोबरच असेल.

मॅडम सुट्टीवर गेल्यात, पण त्यांना विचारण्यासारखं काही उरलं नाही. आपला अर्ज संपला, काका. उगाच आशा लावून मी तुम्हाला आणखी थांबवणार नाही.

एक ल मी गिळला. तुम्हाला एका ओळीने विचारलं असतं तर हे झालं नसतं. बाबांनाही विचारता आलं असतं, ते पलीकडच्या खोलीत बसून टीव्ही बघत होते. मला वाटलं, मला येतं तुमचं मराठी. लहानपणी तुमच्या बोलण्याची नक्कल करून मी घरात सगळ्यांना हसवायचे, तेवढंच मला येत होतं.

काकूंना हे सांगू नका, किंवा सांगा. मला काही सुचत नाही. लोभ उरला असेल तर ठेवा.

तुमची
जयश्री


पुणे
११ सप्टेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

दुपारपासून फोन लावते आहे, बंद येतोय. तुम्हाला ऐकू येवो न येवो, मी ओरडून सांगणार होते. म्हणून हे स्पीड पोस्टाने.

मॅडम आज रुजू झाल्या. मी सगळं सांगितलं. त्या आधी माझ्यावर बरसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, मेलेल्या अर्जापाशी रडत बसायला तुला पगार देत नाही, नवा अर्ज लिही. काका, आपला जुना अर्ज प्रसिद्ध झालाय, पण त्यात आहे ती बंद पेटी. पाळणा जगात कोणीच पाहिलेला नाही. माझ्या चुकीने तो झाकलेलाच राहिला. म्हणजे तो अजूनही नवा आहे आणि तुमच्या नावाने मागता येतो.

एकच अट आहे. तो कोणाला दाखवू नका. नवा अर्ज भरला जाईपर्यंत कोणाला सांगू नका, चित्र देऊ नका, पडदा आहे तसाच राहू द्या. चार लोकांसमोर आला की त्याच क्षणी तो नवा राहत नाही, मग कोणीच काही करू शकत नाही. मी आधी घाईने लिहिलं की सगळं संपलं. ते पत्र फाडून टाका.

हा पहिला दावा, एका वाक्यात. वाचा आणि चुकलं असेल तिथे शिव्या घाला: ‘मुलामा देण्याचे यंत्र, ज्यात द्रावणाची एक टाकी असून, त्या टाकीत दोन टोकांना टांगलेला व चहूबाजूंनी उघडा असा एक पाळणा आहे, आणि सदर पाळणा एका अंगाला झुकून तेथे ठरावीक वेळ थांबतो व मग दुसऱ्या अंगाला झुकतो.’ आता परीक्षकाने विचारून दाखवावं सदर म्हणजे कोणता.

थांबण्याची वेळ तेवढी कळवा. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. बाकी माझं लिहून तयार आहे. बाबा तुम्हाला नमस्कार सांगतात आणि ल नीट लिहा म्हणतात.

या वेळी लोभाबरोबर थोडा धीरही असू द्या.

तुमची
जयश्री


कुंभकोणम्
१६ सप्टेंबर २०२५

चि. जयश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे स्पीड पोस्ट आज मंगळवारी दुपारी पोचले. आधीचे पत्र गेल्या सोमवारी आले होते. ते वाचून कोणाशी बोलणे नको वाटले, म्हणून फोन मीच बंद करून कपाटात टाकिला. तुझा दोष नाही.

आता मी काय केले ते लिहितो. अर्ज संपला असे तू लिहिलेस. मी विचार केला, कागद तर मिळत नाही. मग आकडीचे जाहले तेच याचे होईल. कोइमतूरवाले कधीतरी पडद्याआड डोकावतील आणि तोट्टील त्यांचे होईल. त्यापेक्षा गावाने पाहावे की हे कोणी केले. रविवारी आम्हां मुलामावाल्यांच्या संघाची बैठक असते. मी सगळ्यांना इथेच बोलाविले. पंकजाने कॉफी केली. मी पडदा काढिला, सगळे टाकीभोवती उभे राहिले, आणि मी यंत्र चालू केले. वीस-बावीस माणसे होती. दिवा बाहेर काढून नक्षीत बोट फिरविले तेव्हा नटराज म्हणाला, चंद्रमौली, इतकी वर्षे हे तू एकट्याने पाहिलेस. हा नटराज स्वामीमलैच्या रस्त्यावर दुकान चालवितो, आणि त्याने माझे बरे कधी बोलून दाखविले नव्हते. मजला फार बरे वाटले, खोटे कशाला लिहू. मी सगळ्यांना चित्र काढून दिले, मापांसकट. तीन जणांनी फोनमध्ये यंत्राचा चालता फोटोही घेतला.

तुझे पत्र मी उभ्यानेच वाचिले. दावा उत्तम लिहिला आहेस. एक अक्षर इकडचे तिकडे करावेसे वाटले नाही. माझे यंत्र कोणी इतके नीट सांगितलेले मी पूर्वी वाचिले नव्हते. पंकजास दोनदा वाचून दाखविला. पत्राचा उरलेला भाग तिला अजून वाचून दाखविला नाही.

मॅडमना एवढे विचारून लिही, की जे आमचे राहिले नाही, ते आता कोइमतूरवाल्यांनाही आपले म्हणता येणार नाही ना. मला एवढे कळले तरी झोप लागेल. आणि तू रडत बसू नको. घाई तू केलीस तशी मीही केली. एक पत्र येईपर्यंत थांबायचे होते, ते मजला जमले नाही.

पत्र आले तेव्हा नटराज माझ्याच पट्टरैत जमिनीवर बसून आपल्या तोट्टीलाच्या कांबी वाकवीत होता. माझा चेहरा पाहून त्याने विचारिले, घरी सगळे ठीक ना? मी म्हटले, पुण्याची पुतणी खुशाल आहे. मग त्याने विचारिले, टोकाला पाळणा किती वेळ थांबवायचा. ते मी त्यास सांगितले.

तुझ्या बापास आशीर्वाद. आमच्यावर माया ठेवावी, आम्ही ठेवितोच.

तुझा
चंद्रमौलीकाका