बंद तडा

९ मार्च
काहून? तेच मी विचारून राह्यलो. मोर्शीहून एकाच बसनं आलो, दोघंबी नववी नापास. मंग प्रसेनजितच्या हाती मशीन अन् माह्या हाती ग्रीसचा डबा काहून? बाकी पोहरादेवीजवळचं हे पुलाचं काम झकास हाय. खोलीत कूलर हाय, अन् मेसवाल्या बेबीताईचा ठेचा असा, का डोळ्यांतून पाणी येते अन् तरी भाकर मागावीच लागते.

११ मार्च
इंजिनियर सुकेशनी मॅडमनं सगळ्यायले समजावलं. मशीन लोखंडात आवाज सोडते; उघडा तडा असला तर तो आपटून परत येते. पण तडा बंद असला, दोन्ही ओठ घट्ट मिटलेले, तर हळू आवाज आरपार जाते, काहीच कळत नाई. मोठा आवाज सोडला का ओठ उघडतात-मिटतात, अन् परत येताना आपल्या आवाजासंगं दुप्पट बारीक आवाज येते. मशीनच्या पडद्यावर एकीच्या जागी दोन रेघा. अशा बीमवर पिवळ्या खडूचा गोल काढतात. गोल दिसला का क्रेनवाला त्याले हात लावत नाई.
ग्रीस मी लावतो, मंग प्रसेनजित त्यावर मशीनची टोपी फिरवतो. मॅडम त्याले नावानं हाक मारते. मले, ए ग्रीसवाल्या.

१४ मार्च
प्रसेनजितले बंद तडा सापडला. मुकादम भाऊसिंगनं त्याले सगळ्यांदेखत जिलबी चारली. मले म्हणे, किशनभाऊ, तू आपलं ग्रीसच चोपड, लोणी समजून.
जेवणाच्या सुट्टीत मी तो गोल तळहातानं पुसला. पुरा.

१५ मार्च
गोल दिसेना म्हणून मॅडमनं तो बीम पुन्हा तपासला. एकच रेघ! तडा गायब. प्रसेनजितले चांगलं झाडलं अन् मशीन मले भेटली. त्यानं ग्रीसचा डबा उचलला तवा पोट भरून हसू आलं.
तळहाताचा पिवळा डाग मात्र घासलेटनंबी जात नाई.

१८ मार्च
डाग कोपरापर्यंत आला. रेघेसारखा. बीमवर टोपी फिरवली, एक रेघ. गंमत म्हणून आपल्या छातीवर ठेवली.
दोन.

२० मार्च
हळू बोललं तर काही नाई. भाऊसिंग ओरडला का छातीत काहीतरी उघडते, मिटते. लोखंडावर लोखंड. माह्या आवाजामागं दुसरा आवाज, बारीक — भाऊसिंग म्हणे, शिट्टी गिळली काय रे?

२२ मार्च
प्रसेनजितनं हात पाह्यला. म्हणे, किशन, मॅडमले दाखवू, नाईतर वाशिमच्या दवाखान्यात जाऊ, मी येतो संगं.
म्हणजे हाबी तडा त्यानंच शोधला म्हणतीन. पुन्हा जिलबी.
नाई म्हटलं.

२४ मार्च
कानात कापूस. फायदा नाई, आवाज छातीतूनच जाते. रेघ गळ्याखाली — प्रसेनजित दाराशी खडू घेऊन उभा. म्हणे गोल काढू दे, तुले बाजूले ठेवतीन, घरी पाठवतीन — त्याच्या हातानं? हाकलून देल्लं.

२६ मार्च
रामनवमी. सगळे सडकेवर, यात्रा पाहाले. नगारे येऊन राह्यले — दूर हायेत अजून —
उघडते. मिटते. उघडते —
पुलापाशी आले. प्रसेनजितले हाक मारली, तर बारीक आवाजच निघाला — आता मिटत नाई —
पगार उशीखाली हाय. प्रसेनजित, तूच पाठव माह्या आईले. पाच हजार दोनशे—