बारा वेढे

विश्रांतवाडी, पुणे
रविवार

प्रिय अनंता,

पाकीट उघडून तू आधी म्हणशील, अक्षर अजून कुत्र्याचे पाय मांजरालाच आहे. म्हण खुशाल. फोन करायचं धैर्य नाही, आणि फोन टाळण्याचं दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

तू लेकाकडे, सौमित्रकडे, फिनलंडला जायच्या आदल्या दिवशी स्वारगेटला चहा पिताना कागदात गुंडाळलेलं, तांब्याची तार वेढलेलं ते फेराइटचं कडं माझ्या हातात ठेवलंस. माझ्या गच्चीवरच्या एरियलच्या तारेत उतरणारा सिग्नल इतका क्षीण, की तार आणि केबल यांचा मेळ बसला नाही तर तो रेडिओच्या रिसीव्हरपर्यंत पोचायच्या आतच विरतो. त्यासाठी हा ट्रान्सफॉर्मर. तारेकडे बारा वेढे, केबलकडे तीन. थरथरत्या हातांनी ते घ्यायला तुला आठवडा लागला, हे मंदाकिनीवहिनींनी नंतर शैलाला सांगितलं. दर शनिवारी आपल्या इथल्या रात्री साडेआठला मोर्समध्ये हाक मारीन, म्हणालास.

चार शनिवार मी कान लावून बसलो. नुसती खरखर. पाचव्या शनिवारी कडं सोडवून वेढे मोजले, अकरा भरले. लगेच तुला मेसेज ठोकला, की हात थरथरतात हे ठाऊक होतं, मोजणंही विसरलास हे ठाऊक नव्हतं. टोमणा झकास जमला म्हणून बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू! तुझं उत्तर आलं नाही. मी कड्यावरची तार कापून फेकून दिली.

मग स्वतः बसलो. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजशील तर एक कमी भरेल, हे टेलिफोन खात्यात तूच मला शिकवलं होतंस. माझी तार बाराव्यांदा भोकातून गेली, बाहेरून अकराच दिसले. तुझं बरोबर होतं. अनंता, फार लाज वाटली रे. आणि इतकं करून माझे बारा लावले तरी खरखरच. चार महिन्यांत सात ट्रान्सफॉर्मर झाले. आता हार करून गळ्यात घाला, असं शैला म्हणते.

काल जेवणं झाल्यावर मी कंटाळून हेडफोन काढला, तो शैलाने गमतीने कानाला लावला. तिला मोर्समधलं ओ की ठो कळत नाही. पण आत काहीतरी टुकटुकतंय म्हणाली आणि तिची बोटं रिकाम्या ताटावर तसंच वाजवायला लागली. लांब, आखूड, लांब. मी ताटाकडे बघत अक्षरं लिहून घेतली. आधी माझं कॉलसाइन आलं, मागून तुझं. हेडफोन ओढून घेतला तर मला खरखर. तिला परत दिला, तर बोटं पुन्हा सुरू.

दोष तुझ्या कड्यात नव्हता, माझ्याही नाही. माझे कान गेलेत. हल्ली फोनवरचंही निम्मं कळत नाही, ते लाइनवर ढकलत होतो. आणि इतकं लागट बोलूनही तू हाक मारायची थांबला नाहीस! काल माझा हात मोर्सच्या कीकडे गेला, पण तो मागे घेतला. मी काय केलं हे सगळं तुला सांगितल्याशिवाय उत्तर देववेना. म्हणून हे पत्र. पोचायला पंधरा दिवस तरी लागतील. तोवर थांबू नकोस, नंतरही नको, फक्त जरा हळू पाठव. शैला हेडफोन लावून बसेल, ताट मी घासून ठेवलंय. या वेळी उत्तर येईल.

तुझाच बहिरा,
रामदास