भोरड्या हाकलणारं संगीत

तीर्थस्वरूप तेओफिलाताईस, धाकट्या गेरवाझीचा दंडवत. तुझ्या नामदिनाच्या जेवणाला येता आलं नाही, रागावू नकोस. गुडघा कसा आहे? माझी छाती सारखी धडधडते, जेवण जात नाही, आणि कारण आमची ब्रोन्का. (जाऊन नऊ वर्षं झाली, तरी भावाला सुखाने जगू देत नाही.)

वॉर्सातल्या त्या स्टुडिओत ती जन्मभर ब्लेडने आवाजाच्या फिती कापत आणि चिकटवत बसली, हे तुला ठाऊकच आहे. सुट्टीतही यंत्र घेऊन यायची. विहिरीचा रहाट, करवत, कोंबड्या, सगळं त्यात भरायची आणि मग उलटं वाजवायची. याला संगीत म्हणायचं! मी सातवीच शिकलो, पण संगीतात अकॉर्डियन लागतं आणि ते संपलेलं कळावं लागतं, एवढं मला समजतं. तिचं वीज गेली की संपायचं.

सोमवारी वॉर्साहून एक डॉक्टरीणबाई आली (रोगांची नव्हे, आवाजांची म्हणे). म्हणाली, "काका, तुमची बहीण काळाच्या पन्नास वर्षं पुढे होती." मी म्हटलं, "बाई, ती कधी बसच्यासुद्धा वेळेवर पोचली नाही." हसली नाही. शिकलेल्यांचं असंच. म्हणे, आज बर्लिनला पोरं ज्या ठोक्यांवर नाचतात, ते आमच्या रहाटातून निघाले. त्या रहाटाने पाणी ओढून माझी कंबर गेली, तेव्हा कोणी नाचलं नाही! आणि रहाट-करवतीच्या त्या संगीतावर नाव कोणाचं? स्टुडिओच्या संचालकाचं. त्या गाढवाला बल्ब बदलता येत नव्हता. आता स्टुडिओच्या भिंतीवर पाटी लागणार आहे. मूळ फिती मिळाल्या तर ब्रोन्काच्या नावाची, नाहीतर त्याच्या.

"फिती कुठे आहेत?" बाईने विचारलं.

"माळ्यावर. जपून ठेवल्यात," मी म्हणालो.

ताई, माळ्यावर डबे आहेत. डब्यांत सुकवलेली अळंबी आहे. फिती मी दर उन्हाळ्यात चेरीच्या झाडांना बांधत आलो. वाऱ्यावर अशा फडफडतात की चेरी टिपायला एक भोरडी फिरकत नाही. (त्या संगीताचा एवढाच उपयोग मला सापडला.) अख्खं गाव हेच करतं, पण त्यांच्या फितींवर लग्नातली गाणी होती, त्यांच्याकडे कोण विचारायला येतंय? बाई शुक्रवारी परत येते आहे.

घरच्यांना आशीर्वाद.

तुझा गेरवाझी

ता. क. दोन वर्षांपूर्वी तुझ्या झाडांसाठी एक रीळ दिलं होतं. तू आळशी आहेस असं मी गावभर सांगत आलो. देव करो आणि ते खरं असो. रीळ अजून फडताळात असेल तर गुरुवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे.

आणखी एक. तुझ्याकडचं ते रीळ करवतीचं आहे. त्यात मध्येच मी खिडकीतून ओरडलोय, "ब्रोन्का, बंद कर तो गोंधळ, कोंबड्या अंडी देईनात!" संचालकाने आपल्या प्रतीतून ते कापलं. त्याचं नाव काही ब्रोन्का नव्हतं, एवढा पुरावा बाईला पुरे. आणि पाटीवर खाली बारीक अक्षरात ओरडणाऱ्याचं नाव घालता येईल का, हे तू तिला रिळासोबत चिठ्ठी पाठवून विचार. मी स्वतः कसं विचारू?