टॅब मी टेबलावर तपासला

९ मार्च

प्रिय शेपूट,

साडेसात महिने तुला पत्र नाही, त्याची माफी आधी मागते. कामाचं कारण देणार होते. तशी ओळ लिहिलीही, मग खोडली. काम होतं, पण इतकं नव्हतं. 'बरी आहे', 'ठीक', 'झोपते आता' असे तुझे दोन-दोन शब्दांचे निरोप यायला लागले तेव्हा मला राग आला होता, आणि त्या रागाला मी काळजीचं नाव दिलं. तिला विश्रांती हवी, आपण मध्ये मध्ये करू नये, असं डायरीत लिहून ठेवलं. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे खोटं बोलतो ते माझ्या डायरीत पानोपानी सापडेल. तू तिची कायम टिंगल करत आलीस. 'ताईच्या डायरीत दिवसभर आत्मपरीक्षण आणि शेवटी वाणसामान,' असं म्हणायचीस, कारण प्रत्येक नोंदीखाली उद्याचं एक काम लिहून ठेवायची माझी सवय. ती अजून आहे.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. पुढच्या खोलीतलं टेबल, खिडकीकडे तुझी खुर्ची, भिंतीकडे माझी. तुझा लॅपटॉप तू ऑपरेशनसाठी जाताना ठेवून गेलीस तिथेच आहे, त्याच्या झाकणावरचा तुझ्या चहाच्या कपाचा डागसुद्धा. दर शनिवारी मी तो चार्ज करते, पाच मिनिटं चालू ठेवते आणि बंद करते. तो काय काय अपडेट मागतो, त्याला मी नंतर म्हणते.

परवा शेजारच्या शिक्षिका विचारत होत्या, बहीण परत कधी येणार, दोघींचं काम एकटीला झेपतं का. आपलं काम म्हणजे नक्की काय, हे त्यांनाही अजून नीट कळलेलं नाही. तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनी विचारलं होतं तेव्हा तू सांगितलंस, 'पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची सूची असते ना, ती आम्ही करतो.' त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. 'ती कुणी करतं होय? मला वाटलं, आपोआप येते.' आपण किती तरी दिवस हसत होतो. नंतर दर वेळी एखादी सूची अडली की तू पेन खाली टाकून म्हणायचीस, 'थांब, आपोआप येईल.'

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली होती. त्यात आपली 'घराची सूची' सापडली, तू आठ वर्षांची आणि मी बारा वर्षांची असतानाची वही. बाबांनी त्यांच्या छापखान्यातून आणलेले कोरे कागद, आईनं शिवलेले. अक्षर माझं, डोकं तुझं. 'आई, रागावलेली : पाहा, दूध, उतू गेलेलं.' 'बाबा, झोपलेले : पाहा, वर्तमानपत्र.' 'शेपूट : पाहा, ताईच्या मागे.' आणि सातव्या पानावर, 'चहा, गार झालेला : पाहा, ताई.' मी पुस्तकात डोकं घालून बसले की आई तुला पिटाळायची, आणि तू दारात उभी राहून आरोळी ठोकायचीस, ताई, चहा गार होतोय. ही वही मी का शोधत होते ते पुढे सांगते. मला थेट सांगायला जमत नाहीये, एवढं समजून घे.

मागच्या जूनमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास. गाठीच्या ऑपरेशनला महिना झाला होता. उजवा हात खांद्यापासून सुजलेला, बसलं की दहा मिनिटांत टाके ओढत होते. तू लिहिलंस, 'ताई, कीबोर्ड निघतो तसला टॅब घेतला तर आपलं काम त्यावर होईल का गं? लॅपटॉपचं वजन पोटावर सोसणार नाही. तू सांगशील तसं करते.' मी काय केलं ते तुला माहीत आहे. शेजारच्या शिक्षिकांचा टॅब मागून आणला, तीन आठवडे तपासला आणि तुला चार पानांचा अहवाल पाठवला. एका बाजूला पुस्तकाचं पान आणि दुसऱ्या बाजूला सूची उघडली की दोन्ही अर्धी होतात, अक्षरं मुंगीएवढी. अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर जाते. कीबोर्डच्या कळा जवळजवळ. आपलं सूचीचं सॉफ्टवेअर त्यावर धड चालत नाही. चाळीस पानांना लॅपटॉपवर दीड तास, टॅबवर साडेतीन. शेवटी लिहिलं, 'प्रामाणिक उत्तर : नाही. टॅब लॅपटॉपची जागा घेऊ शकत नाही. तू बरी हो, तुझा लॅपटॉप टेबलावर वाट बघतोय.' आणि संपादकबाईंना फोन करून सांगितलं की वर्षभर तिला काम देऊ नका, तिच्या वाटचं मी करते. तुला न विचारता. मला वाटलं, मी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

तो अहवाल काल परत वाचला. त्यात एकही गोष्ट खोटी नाही. फक्त ते तीन आठवडे मी टॅब टेबलावर ठेवून, ताठ बसून, दोन्ही हातांनी तपासला होता. तू आडवी होतीस, एका हाताची होतीस. हे माझ्या लक्षात आलं नाही. चार पानं लिहिली आणि लक्षात आलं नाही.

आता पुलांचं सांगते. ऑगस्टमध्ये संपादकबाईंनी मला एक सूची तपासायला पाठवली. पुलांच्या इतिहासावरचं तीनशे बारा पानांचं पुस्तक. कुणी केली विचारलं, तर म्हणाल्या, नवीन व्यक्ती आहे, तुम्ही नेहमीसारखी कडक तपासा. मी तपासली. त्रेचाळीस चुका काढल्या. कमान ६१ ऐवजी ६२ वर, झुलते पूल १३८ ऐवजी १३७ वर. एक नोंद तर पुस्तकात कुठेच नव्हती, ती मी तांबड्या रेघेनं उडवली आणि बाजूला लिहिलं, 'हा शब्द पुस्तकात नाही. निष्काळजीपणा.' शेवटी शेरा मारला : 'या व्यक्तीला अंकांची कदर नाही. हे काम पूर्ण लक्ष देऊ शकेल अशा माणसाकडे द्यावं.' चहा प्यायले आणि दुसऱ्या कामाला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी संपादकबाईंचा फोन आला. त्या आता निवृत्त होताहेत. बोलता बोलता म्हणाल्या, तुम्हाला हे सांगून टाकते, माझ्यानं आता मनात ठेववत नाही. पुलांची सूची तुमच्या धाकटीची होती. तिनंच टॅब घेतला, तिनंच माझ्याकडे काम मागितलं, आणि अट घातली की तपासायला ताईकडेच पाठवायचं, पण नाव सांगायचं नाही. 'नाव कळलं तर ती माया करेल, तपासणार नाही.' मी विचारलं, माझा शेरा तिला दाखवला का. त्या म्हणाल्या, मी झाकून पाठवणार होते, पण तिनं जसाच्या तसा मागितला. वाचून तुझं एवढंच उत्तर आलं होतं : 'ताईचं बरोबर आहे.' आणि दोन दिवसांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दुरुस्त करून तू सूची परत पाठवलीस. त्यानंतर काम मागितलं नाहीस.

फोन ठेवल्यावर मी जुनी फाइल उघडली. मी उडवलेली ती नोंद वाचली. 'चहा, गार झालेला : पाहा, ताई.'

पुलांच्या पुस्तकात, चबुतरा आणि चाकोरी यांच्या मधे, वर्णक्रमात अगदी चोख बसवलेली. शेपूट, मी ती वाचली होती. डोळ्यांनी अक्षर न् अक्षर वाचली होती. तू दारात उभी राहून हाक मारत होतीस आणि मी ती पुस्तकात नाही म्हणून खोडली. आठवत नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण वही पेटीतून काढायच्या आधीच मला पान आठवलं होतं. सातवं.

त्रेचाळीस चुका मी पुन्हा मांडून बसले. त्यांतल्या एकोणतीस चुकांत आकडा फक्त एकानं मागे-पुढे होता. स्क्रीनवरचे आकडे एका ओळीत शेजारी-शेजारी असतात, बोट जरा सरकलं की एकाच्या जागी दोन पडतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या बाईला हे दिसायला हवं होतं. चूक कशी होते ते ओळखलं की चूक करणारा कळतो, हे मीच तुला शिकवलं होतं.

मग मी तसलाच टॅब आणला. कीबोर्ड काढून ठेवला. मागच्या खोलीत पलंगावर आडवी झाले, उजवा हात ओढणीनं अंगाशी बांधला आणि त्याच पुस्तकाची सूची पहिल्यापासून करायला घेतली. दोनदा टॅब नाकावर पडला. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, कपाळावरचा चष्मा तरी खाली आला. तिसऱ्या दिवशी डावा खांदा भरून आला. चौथ्या दिवशी कूस बदलताना बोट लागलं आणि अख्खा 'क' पुसला गेला. मी चक्क रडले, एका अक्षरासाठी. आठ दिवसांत पुस्तक संपलं. स्वतःचं काम स्वतःच तपासलं. माझ्या चुका एकशे सहा. मला टाके नव्हते, सूज नव्हती, औषधांची गुंगी नव्हती. एकशे सहा.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता खरोखर प्रामाणिकपणे देते. टॅब लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का? टेबलाशी बसणाऱ्या माणसासाठी नाही, अजूनही नाही. पलंगावर असलेल्या माणसासाठी हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्याच्या पोटावर लॅपटॉपला जागाच नसते. तुझ्यापुढे टॅब किंवा लॅपटॉप असं नव्हतंच. टॅब किंवा काही नाही, एवढंच होतं. आणि मी चार पानं लिहून तुला काही नाही दिलं.

एक गोष्ट राहिली. ही ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. मला वाटतं, उत्तर काय द्यायचं ते टॅब मागून आणायच्या आधीच माझं ठरलं होतं. तुला आडवं पडून काम करता आलं असतं, तर तू आडवीच राहणार आहेस हे मला कबूल करावं लागलं असतं. लॅपटॉप टेबलावर आहे तोवर तुझी खुर्ची तुझी आहे, तोवर तू येणार आहेस. मी ते यंत्र तपासत नव्हते. मी तुला परत बोलावत होते. ते बोलावणं तुला नकारासारखं वाचावं लागलं, याला मी काय करू, मला समजत नाही.

वरची तारीख पत्र सुरू केलं त्या दिवसाची आहे. आज वीस आहे. अकरा दिवस लागले, कारण हेही मी टॅबवर, आडवी पडून, डाव्या हातानं लिहिते आहे. चुकलेला प्रत्येक शब्द मागे जाऊन दुरुस्त केला, तेवढी खोड जात नाही. हे पत्र छापून तुला पोस्टानं पाठवणार होते, तू रागावून का होईना पण उत्तर देशील म्हणून. पण काल दुपारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. तो आधी हवापाण्याचं बोलला, तेव्हाच मी खाली बसले. डॉक्टरांनी आता औषधं थांबवली आहेत, तुला घरी आणलंय, हातात काही धरवत नाही, पण अक्षर मोठं असलं तर थोडं थोडं वाचतेस, असं म्हणाला. किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, 'ताई, तिनं तुम्हाला एक निरोप दिलाय, मला काही त्याचा अर्थ लागला नाही. म्हणाली, ताईला सांग, चहा गार होतोय.' येते गं. उद्याची सकाळची गाडी आहे, चार तासांत पोचेन. तुझ्या पलंगाशी बसून टॅब मी धरीन, तू नुसतं वाच. वाचून झालं की माझ्या चुका काढ, नेहमीसारख्या, कडक. माया करू नकोस.

तुझीच,
ताई

उद्या : गाडीत बसायच्या आधी टॅबवरची अक्षरं मोठी करणे.