नव्या ट्रेलरचा नंबर ९९७३

उरण

चि. अमिषा हिस,

चांगदेवकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझं गणिताचं संशोधन आणि पुण्यातली ती खानावळ, तिन्ही बरी असतील अशी आशा. इकडे आम्ही ठीक (असं लिहायची पद्धत आहे म्हणून). फोनच केला असता, पण तुझी काकी सारखी फोनजवळ असते आणि पत्राचा विषय तीच आहे.

तर आपला नवा ट्रेलर आला. नंबर ९९७३. बंदराच्या रस्त्यावर गाडी घेणारा माणूस इंजिन नंतर बघतो, आधी नंबरची बेरीज करतो, हे तुला ठाऊकच आहे. बेरीज नऊ हवी. आपली आली अठ्ठावीस, तिची दहा, तिची एक. काकीने पूजेचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "नऊ न्हाय तं पूजा न्हाय." (जुन्या ट्रकची बेरीज नऊच होती, तरी तो मिठागरात घुसला. त्यावर तिचं म्हणणं, नऊ होती म्हणून मिठागरावर भागलं, नाहीतर खाडीत गेला असता.) पूजा नाही म्हणून ड्रायव्हर हरेश्वर चावीला हात लावत नाही, आणि पहिलं भाडं हातचं जायची वेळ आली आहे.

शेवटी मी तुझी विद्या बाहेर काढली. म्हटलं, अगं, ही मूळ संख्या आहे. बेरीज नऊ आली की नऊने भाग जातोच, त्यामुळे नऊवाल्यांच्या नशिबी हा मान कधीच नाही. त्यातून चार आकड्यांच्या पाटीवर मावणारी ही सगळ्यात मोठी. हिला भाग जातो तो फक्त एकाचा आणि तिचा स्वतःचा, बाकी कुणाचाही नाही. हे शेवटचं सांगायला नको होतं. काकी म्हणाली, "म्हंजे हिला कोनी न्हाय?" आणि पदर डोळ्यांना. अशी एकटी गाडी ती रस्त्यावर पाठवणार नाही म्हणे. मला तू सांगितलेल्या जुळ्या मूळ संख्या आठवल्या, मध्ये एकच घर सोडून राहणाऱ्या. बसलो हिची जुळी शोधत. वरच्या ९९७५ला पाचाने भाग जातो, खालच्या ९९७१ला तेराने. (तेराने! हे काकीला सांगितलेलं नाही.)

तेव्हापासून ती ट्रेलरवरून सुरू होते आणि तुझ्यावर येते. एकटी पोर तिकडे काय जेवते, ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवतं. आता ती गाडीसाठी रडते की तुझ्यासाठी, मला कळत नाही. तू फोन करून तिला समजाव, की बाकीच्या सगळ्या संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच होतात, म्हणजे हिच्यासारख्यांचं गणगोत सगळ्यांत मोठं. मी सांगितलं तर ती मानत नाही.

तुझा,
चांगदेवकाका

ता. क. फोन नको. काकी आत्ताच म्हणाली, नंबर राहू दे, पण नारळ अमिषानेच फोडायचा. रविवारी ये. रिकामे डबे आण, भरून मिळतील.

आणखी एक ता. क. नंबर आपसूक आलेला नाही. जादा फी भरून मी मागून घेतला. आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, नक्की हाच का? तू दारात नसतेस, तर तुझी एखादी संख्या तरी दारात उभी असावी, असं वाटलं. काकीला सांगू नकोस. तुझी आठवण घरात फक्त तिलाच येते, असा तिचा समज आहे. तो राहू दे.