खुराड्याच्या दारावरची नोंद

बंधुराज,

खुराड्याच्या दारावरील तक्त्यात तुझ्या वळणदार अक्षरात नोंद आहे: ‘जंताचे औषध पाजले. सर्व कोंबड्या निरोगी.’ बाटलीचे सील मात्र शाबूत आहे. औषध बहुधा दृष्टिक्षेपानेच पाजले गेले असावे. निरोगींपैकी तिघी वाळून मेल्या. उरलेल्या दोघींच्या विष्ठेत पशुवैद्यांना जंतच जंत दिसले. त्या दोघींना टोपलीत घालून मी दवाखान्यात निघाले आहे. तोवर खुराड्यातला जुना भुसा काढून जाळ आणि जमीन खरवडून चुना टाक.

आईला दुपारी काय भरवावे, याचे उत्तर माझ्या कुक्कुटपालनाच्या एकाही ग्रंथात नाही. तुझी सकाळची कबुलीही मला खोडता आली नाही: “ताई, औषध पाजलं की कितीतरी दिवस अंडी टाकून द्यावी लागतात, आणि आई अंड्याशिवाय तोंडच उघडत नाही गं.”