कागदावर उमटलेलं तेल

माय,

तुझे समोरचे दोन दात मी पाडले. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नाही, कुणाजवळ बोललेही नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं करत बसेन. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. मी पन्नाशी ओलांडली, गुडघे वाजतात, शाळेच्या मैदानावर पोरींना पळवते आणि आवाज तुझ्यासारखाच फाटका झालाय. हात मात्र कुणावर उचलत नाही. पालक म्हणतात, बाई फार मायाळू आहेत. ते ऐकलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

धुळ्यातली आपली खोली ऑइल मिलच्या मागच्या भिंतीला लागून होती. तू दिवसभर मिलमध्ये शेंगदाणे निवडायचीस आणि संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा लुगड्याला, केसांना, नखांनासुद्धा तेलाचा वास असायचा. वडील गेल्यापासून आपण दोघीच. लहानपणी मी त्या वासात तोंड खुपसून झोपले आहे. तुझ्या वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग आला नाही तर तू कढईलाच शिव्या द्यायचीस. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी, तिच्यावर कच्चं तेल आणि तिखट, एवढ्यावर आपण दोघी राण्यांसारख्या जेवायचो. मग मी पळायला लागले आणि ते सगळं माझ्या लेखी विष झालं.

शाळेच्या खेळाच्या सरांनी मला नववीत निवडलं. 'हिच्या पायात दम आहे,' असं ते चारचौघांत म्हणाले आणि मी त्यांची गुलाम झाले. ते कुठल्याशा शिबिरातून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद घेऊन आले होते. परदेशातले लांब पल्ल्याचे धावपटू तेलातुपाला शिवत नाहीत, चरबीने रक्त दाट होतं आणि दाट रक्त पायापर्यंत पोचत नाही, असं त्यात होतं म्हणे. तो कागद आम्ही कुणीच वाचला नाही. आम्ही सरांना वाचलं, आणि ते पुरेसं होतं. उकडलेले बटाटे, बिनतेलाची भाजी, कोरडी भाकरी नाहीतर भात, केळी आणि साखरेचं पाणी, बस. रोज सकाळी पळून झालं की डबे उघडायचे. सर वर्तमानपत्राचा तुकडा भाकरीवर, भाजीवर दाबायचे आणि उन्हाकडे धरायचे. कागदातून उजेड आला की निंबाची ओली फोक. ती मांडीवर बसायची. पोटरीवर त्यांनी कधी मारलं नाही, पोटरी त्यांना शर्यतीसाठी हवी होती ना! एका मुलीच्या मांडीची कातडी फाटून रक्त मोज्यापर्यंत आलं, तर सर म्हणाले, 'बघा, पातळ आहे. सुधारतेय.' आणि आम्ही हसलो. मीसुद्धा हसले, माय.

तू रोज म्हणायचीस, 'जरासं तेल ले वं बेटा, कोरडी भाकर घसामा अटकस.' मी तुझ्यावर खेकसायचे. तू जवळ आलीस की नाक दाबायचे. तुझ्या वासानेही मी जड होईन असं मला खरंच वाटायचं. त्या वर्षात माझी पाळी बंद झाली. मैदानावरच्या मोठ्या मुली म्हणाल्या, अंग हलकं झाल्याची खूण आहे, नशीबवान आहेस. तुला कळलं असतं तर तू माझं पळणं बंद केलं असतंस, म्हणून मी दर महिन्याला खोटीच बाजूला बसायचे. दोघींच्या घरात असलं विटाळचंडाळ कुणाला परवडतं? पण तू पाळायचीस. चार दिवस मी दाराजवळ गोणपाटावर, चुलीला शिवायचं नाही, डब्यांना हात लावायचा नाही, आणि तू मिलमधून थकून येऊन मला वरून वाढायचीस.

जळगावच्या शर्यतीला आठवडा उरला होता. पहिल्या चौघींत आले असते तर राज्याच्या संघात जागा होती, आणि त्या जागेवर पुढे नोकरी मिळत होती. तुला मिलमधून सोडवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं, हे मात्र अगदी खरं. त्या सकाळी सरांनी माझ्या डब्यातली सगळ्यात खालची भाकरी काढली, कागद दाबला आणि उन्हाकडे धरला. कागद आरपार दिसत होता. जाहिरातीतल्या बाईच्या चेहऱ्यातून सूर्य दिसला. 'कोणी टाकलं?' मी म्हणाले, 'डबा माय भरते, सर.' अकरा फटके बसले, मी मोजले. मग त्यांनी फोक खाली टाकली आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'तुझी आई तुझी वैरीण आहे. आधी तिला सांभाळ, मग जळगावला ये.'

मी घरापर्यंत पळत आले. तू मिलमध्ये जायला निघाली होतीस, डोक्यावर पदर घेत होतीस. मी चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली. 'भाकरीला तेल का लावलंस?' 'मी नही टाकं, बेटा. तुन्ही आन.' तू माझी शपथ घेतलीस. पहिला फटका मी तुझ्या खांद्यावर मारला. तू भिंतीला टेकलीस. 'खोटं बोलतेस! माझं वाटोळं करायचंय तुला!' तू काही बोलायच्या आत दुसरा तोंडावर मारला. दात पडल्याचा आवाज होत नाही, ओठ फुटल्याचा होतो. तू ओंजळ तोंडाखाली धरलीस आणि त्या ओंजळीतूनच बोललीस, 'हा, मीच टाकं. आते बस कर.' मी फुंकणी फेकली, मैदानावर परत गेले आणि सरांना सांगितलं, 'सांभाळली.' त्यांनी माझी पाठ थोपटली. शेजारणीला तू सांगितलंस, मिलमध्ये पोतं अंगावर पडलं. त्यानंतर शेंगदाणे निवडणाऱ्या बाईला शेंगदाणा चावता येईना.

जळगावला मेहरूण तलावाच्या कडेने पळत होतो. अर्ध्यावर मी तिसरी होते. मग डाव्या नडगीत काहीतरी कडकन मोडलं. मी थांबले नाही. मोडलेल्या पायावर आणखी किती पावलं टाकली कोण जाणे, पाय चुकीच्या बाजूला वळला तेव्हा पडले आणि ओरडत राहिले. दवाखान्यात डॉक्टर तुझ्यावरच तुटून पडले. 'खायला घालत नाही का पोरीला? म्हातारीसारखी हाडं झालीत. पाळी कधीपासून बंद आहे?' मी म्हणाले, वर्ष झालं. तू सगळ्या वॉर्डादेखत माझ्या कानाखाली अशी वाजवलीस की सलाइनची बाटली हलली. 'वरीसभर खोटी बसनी? माले काब्र सांगं नही?' आणि मग खाली बसून, सुजलेल्या तोंडाने, मोठ्याने रडलीस. दुसऱ्या दिवशी सर आले आणि दारातूनच म्हणाले, 'हिचं मनच कच्चं होतं.' तू हातातला तांब्या फेकून मारलास. भुवई फुटली त्यांची. मला त्या वेळी सरांची दया आली होती, तुझी नाही, हेही लिहायला हवं.

आता जे टाळतेय ते. भाकरीला तेल तू लावलं नव्हतंस. ते मी घेतलं होतं. त्या दिवसांत मी बाजूला बसले होते आणि पहाटे तू नळावर गेली होतीस. भूक आवरेना. मी चुलीपाशी गेले, तेलाचा डबा वाकडा केला, एक भाकरी भिजवून जनावरासारखी खाल्ली आणि दुसरी भिजवली, तेवढ्यात तुझ्या हंड्याचा आवाज आला. ती भाकरी मी माझ्या जेवणाच्या डब्यात तळाशी कोंबली. मग मैदानावर मी तुझं नाव घेतलं, आणि घेतल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं. पण पहिल्या फटक्यानंतर तू भिंतीला टेकून तेलाच्या डब्याकडे पाहिलंस. त्यावर माझी पाच बोटं उमटली होती. मग माझ्याकडे पाहिलंस. तुला सगळं कळलं होतं, मी उपाशी आहे आणि घाबरले आहे हेसुद्धा. मी तुझी नजर पाहिली, आणि ती पाहिली म्हणूनच दुसरा फटका मारला. तो रागाचा नव्हता, माय. तू बोलू नयेस म्हणून होता. आणि तू बोललीस ते काय, तर 'मीच टाकं.'

त्यानंतर तू वीसेक वर्षं जगलीस आणि एकदाही विषय काढला नाहीस. मी पोरींना ही गोष्ट सांगते तेव्हा त्यात कागद असतो, फोक असते, सर असतात. पोरी सरांना शिव्या देतात आणि मी त्या देऊ देते. काल माझी लेक जेवायला बसली. तीही लांब पळते. तिला कुणी सांगितलंय की धान्य हेच विष, फक्त तूप आणि लोणी खायचं. मी तिच्या ताटात भाकरी वाढली, तर तिने माझा हात असा झटकला की ताट भिंतीवर गेलं. नंतर ओशाळली, भांडी उचलताना तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली, 'आजीचे दात गं कशाने पडले?' मी म्हणाले, मिलमध्ये पोतं अंगावर पडलं.

म्हणून आज दुपारी हे लिहायला बसले. लिहून झालं की तिच्या हातात द्यायचं, असं पक्कं ठरवलं होतं. खाली तिच्या स्कूटरचा आवाज आला आहे, ती स्टँडवर लावतेय. मी कागद घडी करून उशीच्या अभ्र्यात सारतेय.